शाल-श्रीफळ आणि तीन शतांश

मिलवॉकी,
14 डिसेंबर 2024

प्रिय सुमे,

"ते जर्मनच्या मुलांचं काय चालवतेस म्हणे तू, त्याचा पगार मिळतो का?" असं तू दिवाळीच्या पत्रात विचारलंस, त्याला आता दीड महिना होत आला. आधी पगाराचं सांगते: दमडी नाही. उलट समारंभाचा केक माझ्याच खिशातून येतो.

ही संस्था जर्मन शिकणाऱ्यांची, नाव ग्रीक, देश अमेरिका, आणि आमच्या कॉलेजातली तिची शाखा सांभाळणारी बाई सदाशिव पेठेतली! डेल्टा फाय आल्फा तिचं नाव. इथे हुशार मुलांच्या मानाच्या संस्थांना ग्रीक अक्षरं लावायची रीत फार जुनी, 1776 सालच्या फाय बीटा काप्पापासूनची. काम म्हणशील तर जर्मनमध्ये चांगले गुण मिळवणाऱ्या कॉलेजच्या मुलांना निवडायचं, रीतसर आत घ्यायचं आणि प्रमाणपत्र द्यायचं. थोडक्यात शाल-श्रीफळ. आमच्या शाखेची अट अशी की दोन वर्षांचं कॉलेजचं जर्मन झालेलं हवं, आणि जर्मनमधली सरासरी 4 पैकी किमान 3.3 हवी. हा 3.3 चा आकडा लक्षात ठेव, पुढे त्याच्यावरच रडायचंय.

खरं सांगू? हे काम गळ्यात पडलं तेव्हा मी नाक मुरडलं होतं. सत्कार-बित्कार आपल्याला कधी झेपलेत? रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आपण बक्षीस समारंभाला दांडी मारून फर्ग्युसन रस्त्यावर कॉफी पीत बसलो होतो, आणि त्यात तुझं बक्षीस होतं. पण संस्था कुठून आली ते वाचत गेले आणि मत जरा बदललं.

1915 च्या सुमाराला इथल्या हायस्कुलांतली जवळजवळ पाव मुलं जर्मन शिकत होती. मग अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि जर्मन ही शत्रूची भाषा झाली. 1922 पर्यंत हा आकडा शंभरात एकावरसुद्धा राहिला नाही. नेब्रास्कात तर 1919 साली कायदाच झाला की आठवी पास होईपर्यंत मुलांना कोणतीही परकी भाषा शिकवायची नाही. तिथल्या एका छोट्या लुथरन शाळेत रॉबर्ट मायर नावाचे मास्तर एका दहा वर्षांच्या मुलाकडून बायबलमधली गोष्ट जर्मनमध्ये वाचून घेत होते, तेवढ्यात सरकारी वकील वर्गात येऊन उभा राहिला. मास्तरांनी वाचन थांबवलं नाही. पंचवीस डॉलर दंड झाला, तो भरायला नकार दिला, आणि खटला पार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 1923 साली सात विरुद्ध दोन मतांनी मास्तर जिंकले. आमच्या मिलवॉकीला तर तिथल्या जर्मन वस्तीमुळे 'जर्मन अथेन्स' म्हणायचे, म्हणजे इथे काय झालं असेल याचा विचार कर. घराघरांतून आजीची भाषा एका पिढीत बंद पडली.

आणि त्या निकालानंतर चारच वर्षांनी, 1927 मध्ये, साउथ कॅरोलिनातल्या वॉफर्ड कॉलेजात डेल्टा फाय आल्फा सुरू झाली. दहा वर्षांपूर्वी जी भाषा रस्त्यात बोलायची चोरी होती, तिच्यासाठी मुलांचा सत्कार! स्थापना करणाऱ्यांच्या मनात काय होतं कोण जाणे, पण मला तरी त्या प्रमाणपत्रात मायर मास्तरांचे पंचवीस डॉलर दिसतात.

आमच्या शाखेची एक वही आहे, काळ्या कापडी पाठीची. प्रत्येक नवा सदस्य तिच्यात सही करतो. सुरुवातीची पानं म्हणजे नुसते श्मिट, म्युलर आणि क्राउझ, शाईच्या पेनाने, वळणदार. मधे एक काळ असा की वर्षाला वीस-बावीस सह्या. शेवटच्या पानांवर बॉलपेन, गिचमिड अक्षर, आणि नावं मेक्सिकन, ह्मोंग (हे लोक मूळचे आग्नेय आशियाकडचे), एक चक्क तेलुगू. संख्या मात्र पाच, सात, चार. आमचंच असं नाही. 2016 ते 2021 या पाच वर्षांत अमेरिकेतल्या कॉलेजांत जर्मन घेणारी मुलं तिसऱ्या हिश्श्याने कमी झाली. आमच्या वरच्या दोन वर्गांचा आता एकच वर्ग झालाय, आणि दर वसंतात वरून एक मेल येते: "जर्मनला किती विद्यार्थी?" त्या मेलला उत्तर देताना मी ही वही शेजारी उघडून ठेवते. उपयोग काही नाही, धीर येतो.

आता माझी फजिती ऐक. एप्रिलमध्ये समारंभ होता. मेणबत्त्या लावायच्या होत्या, पण आगीच्या नियमामुळे बॅटरीवरच्या घेतल्या. गळ्यात घालायचे काळे-लाल-सोनेरी गोफ वेळेवर आले. प्रमाणपत्रं नाही आली, कारण अर्ज पाठवायला मीच तीन आठवडे उशीर केला होता. मग काय, कपाटातले पाठकोरे कागद घेतले, सुरळ्या केल्या, रिबिनी बांधल्या आणि गंभीर चेहऱ्याने वाटल्या. मुलांना म्हटलं, उघडू नका, खरी नंतर देते. एका पठ्ठीने उघडलीच. आणि सगळ्या आईबापांसमोर खणखणीत आवाजात वाचायला लागली: "योग्य प्रत्यय लावा. एक लाल घर, त्या जुन्या माणसाचा..." माझी गेल्या वर्षीची विशेषणांची चाचणी होती ती! मागच्या रांगेतून कुणीतरी उत्तरं द्यायला लागलं. खुर्च्या लावायला आलेला मुलगा होता तो. सगळी बरोबर दिली.

त्याच मुलाचं लिहायला आज बसलेय खरं तर. पहाटे चारला बेकरीत कामाला जातो, नऊला माझ्या वर्गात येतो, केसांत पीठ असतं. आठवड्यातून एकदा इथल्या वृद्धाश्रमात जाऊन जर्मन बोलणाऱ्या म्हाताऱ्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवतो, कुणी सांगितलेलं नसताना. आमच्या जर्मन गप्पांच्या अड्ड्याची सगळी जबाबदारी त्याने उचललीय. 'देअर, दी, दास', म्हणजे जर्मनमधलं आपल्या तो-ती-ते सारखं लिंगाचं प्रकरण, त्याला एकदाच समजावून सांगितलं होतं. मुलगी नपुंसकलिंगी कशी, 'दास मेडशेन' का, म्हणून बाकीचा वर्ग दरवर्षी डोकं धरून बसतो, आणि मी दरवर्षी सांगते की आमच्या भाषेतसुद्धा 'ते पोरगं' असतं. हा एकटा म्हणाला, मग तुम्हाला हे शिकताना घरी आल्यासारखं वाटलं असेल. आपल्याला पुण्यात असं कधी सुचलं होतं का गं?

त्याची सरासरी 3.27. दुसऱ्या वर्षी आजी गेली, ते सत्र पार कोसळलं, तेच अजून भोवतंय. गेल्या वर्षी यादी करताना मी त्याला बोलावून सांगितलं की बसत नाही. तो म्हणाला, "कळलं," आणि समारंभाला खुर्च्या लावायला आला.

तीन शतांश, सुमे! माझी सहकारी म्हणाली, शाखा तुझी, सोड की. सोडता येईल, कुणी तपासायला येत नाही. पण त्याच्याआधी चार वर्षांपूर्वी एका मुलीला मी 3.25 वर नाही म्हटलंय, आणि ती फारशी आवडती नव्हती माझी. आता आवडत्यासाठी दार उघडलं तर त्या मुलीला मी काय म्हणून परत पाठवलं होतं? रागावू नकोस, तू असतीस तर त्याला आत घेतलं असतंस, माहीत आहे मला. शिकवणीतल्या पोरांना अर्धा मार्क देऊन पास करणारी तू.

आणि आता गंमत बघ. हे सत्र संपलं, पुढच्या यादीचा हिशोब याच गुणांवर. त्याला माझ्या विषयात 'ए' मिळाला तर तो 3.3 च्या वर जातो, 'ए मायनस' मिळाला तर खालीच राहतो. पेपर माझ्याकडे. म्हणजे वकील मी, न्यायाधीश मी आणि आरोपीची मावशीही मीच. परवा रात्री त्याचा पेपर हातात घेतला, अक्षर ओळखलं आणि ठेवून दिला. वाचलाच नाही. सकाळी सगळ्या पेपरांवरची नावं कागद चिकटवून झाकली आणि गठ्ठा त्याच सहकारीकडे दिला. तिने त्याला कधी शिकवलेलं नाही, अक्षर तिला ठाऊक नाही. "एवढं नाटक कशाला?" म्हणाली, पण घेतला. सोमवारी परत देणार आहे.

बाहेर गुडघाभर बर्फ आहे. प्रमाणपत्रांचे अर्ज यंदा आत्ताच भरायला घेतलेत. सहा नावं लिहून झाली, सातवी ओळ कोरी ठेवलीय.

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं का? आणि चितळ्यांची बाकरवडी कुरिअरने पाठवू नकोस, मागच्या वेळी नुसता भुगा आला. चमच्याने खाल्ला, ते सोड.

तुझी,
निमा