सलग सुट्टी मागताना लाज का वाटावी?

मा. संपादक, नमस्कार,

सतरा वर्षं हिशेबाच्या कामात काढून यंदा मी तीन महिन्यांची बिनपगारी रजा टाकली, तर पहिला प्रश्न आला 'घरी कोणी आजारी आहे का?' नाही म्हटलं तर दुसरा, 'मग दुसरीकडे नोकरी बघताय का?' माणूस नुसता थकलाय हे कारण कोणाला पटतच नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

खरं सांगते, पहिले दहा-बारा दिवस आराम असा झालाच नाही. पहाटे सव्वापाचला डोळे उघडायचे, हात आधी मोबाईलकडे, दुपारभर काहीतरी राहिलंय असं वाटत राहायचं. तिसऱ्या आठवड्यात एकदा पुस्तक वाचता वाचता डोळा लागला तो थेट दिवेलागणीला उघडला आणि आज वार कोणता तेच आठवेना, तेव्हा कळलं की सुट्टी आता कुठे सुरू झालीय. मग शनिवार-रविवारला जोडून घेतलेल्या दोन दिवसांत काय होणार हो?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची, म्हणजे कामाच्या सततच्या ताणाने पार थकून जाण्याची, नोंद घेतली ती आजार म्हणून नाही तर कामातून येणारी गोष्ट म्हणून, म्हणजे उपायही कामाच्या जागीच व्हायला हवा ना. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९७० चा करार वर्षाला किमान ३ आठवडे पगारी रजा द्या म्हणतो, आणि ती तोडून घेतली तरी त्यातला एक भाग साधारणपणे सलग २ आठवड्यांचा हवा असंही सांगतो. ही किमान रजा पैसे घेऊन सोडून देणंही त्यात चालत नाही, मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

बिनपगारी रजा सगळ्यांना परवडत नाही, मलाही दोन वर्षं पैसे बाजूला टाकावे लागले. म्हणून ठरावीक वर्षांनी मोठी पगारी रजा हा नियमच हवा, साहेबांच्या मर्जीवर नको. आणि काम अडतं म्हणणाऱ्यांना सांगते, जायच्या आधी महिनाभर मी एका वहीत सगळं उतरवून काढलं, कुठलं बिल कधी, कोणाला फोन, कुठे चूक होते, आणि त्या वहीवर तीन महिने काम नीट चाललं.

गेल्या आठवड्यात शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने दोन महिन्यांच्या रजेचा अर्ज दिलाय. त्यांची वही सध्या मी वाचतेय.

आपली एक वाचक