भोकाभोवती धातू किती उरला ते पण सांगा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला रिव्हॉल्व्हरवरचा लेख वाचला, फोटो झकास, पण "गोळी जेवढी जाड तेवढी ताकद जास्त" हे वाक्य काही पचलं नाही. माझं आयुष्य टूलरूममध्ये गेलं, त्यामुळे गोळी बसायचं भोक केवढं यापेक्षा भोकाभोवती धातू किती राहिला हेच आधी डोळ्यात भरतं.

.38 स्पेशल आणि .357 मॅग्नम ही दोन काडतुसं घ्या. गोळीची जाडी जवळजवळ एकच, पण कमाल दाब स्पेशलचा 17 हजार पीएसआय (दर चौरस इंचावर तेवढे पाउंड) आणि मॅग्नमचा 35 हजार, म्हणजे डबलच की! 1935 ला मॅग्नम आली तेव्हा स्मिथ अँड वेसन या अमेरिकन कंपनीने ती मोठ्या एन-फ्रेममध्येच (फ्रेम म्हणजे रिव्हॉल्व्हरचा सांगाडा) दिली, आणि काडतूस मुद्दाम थोडं लांब ठेवलं, जुन्या .38 मध्ये कोणी घालायला गेला तर पूर्ण आत जाऊच नये म्हणून.

आता एवढं धूड कमरेला लावून दिवसभर कोण फिरणार, म्हणून 1955 ला तीच मॅग्नम मधल्या साइजच्या के-फ्रेममध्ये बसवली. स्टील चांगलं, हीट ट्रीटमेंट चांगली, सिलिंडरने (गोळ्या भरायचं फिरतं नळकांडं) दाब सोसला पण दुखणं भलतीकडेच निघालं. फ्रेम लहान म्हणजे सिलिंडर बाहेर उघडणाऱ्या क्रेनला, म्हणजे त्या बिजागरीसारख्या भागाला, जागा कमी, ती मिळावी म्हणून नळीचं मागचं टोक खालून सपाट तासलेलं, आणि हलक्या 125 ग्रेनच्या (ग्रेन हे वजनाचं बारीक माप) फुल पॉवर गोळ्या सारख्या मारल्या की नेमका त्या पातळ जागी तडा जायचा. शेवटी 1980 ला एल-फ्रेम काढली, मूठ के-फ्रेमच्याच मापाची, पुढचं अंग मात्र भरलेलं.

अजून एक गोष्ट लेखात नाहीच. सिलिंडर जागेवर लॉक व्हायला बाहेरून खाचा असतात, सहा गोळ्या असल्या की खाच साधारण चेंबरच्या (गोळी बसते त्या भोकाच्या) वरच येते, म्हणजे आधीच पातळ भिंत आणखी पातळ. पाच केल्या की खाच दोन चेंबरच्या मधल्या जाड भागात जाते. 2003 चं .500 मॅग्नम बघा, एक्स-फ्रेम एवढी अवाढव्य, तरी गोळ्या पाचच!

नुसतं वजन वाढवूनही भागत नाही बरं का. 1847 चं कोल्ट वॉकर साडेचार पाउंडाचं होतं, पण एकेका चेंबरमध्ये 60 ग्रेन बंदुकीची दारू आणि धातू त्या काळचा, सिलिंडर फुटायचेच.

आणि आपल्या कानपूरच्या 'निर्भीक' रिव्हॉल्व्हरला तुमच्या लेखकाने एका ओळीत "कमजोर" म्हणून निकालात काढलंय ते पटलं नाही. अर्धा किलोच्या आसपासचं हत्यार, त्यात .32 ची कमी दाबाची गोळी, म्हणून तर एवढ्याशा सिलिंडरमध्ये सहा बसतात. तेवढ्याच फ्रेममध्ये .357 मागाल तर एक गोळी कमी करा नाहीतर वजन वाढवा, आणि दणका हाताला बसेल तो वेगळाच.

पुढच्या भागात तक्ता देणार असाल तर कॅलिबरच्या शेजारी फ्रेम आणि गोळ्या किती असे दोन रकाने वाढवा एवढीच विनंती.

आपला,
एक निवृत्त टूलमेकर, पिंपरी