पुळणीकडचे दिवे काढून टाक

आंजर्ले, ता. दापोली

चि. सौरभ,
अनेक आशीर्वाद.

होमस्टेच्या सोलरचं कोटेशन वाचलं. छपरावर तीन किलोवॅट ठीक आहेत. लख्ख उन्हाच्या दिवशी बारा युनिटच्या आसपास वीज मिळेल, पावसाळ्यात बरीच कमी. नट-बोल्ट मात्र ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसचेच घे. खाऱ्या वाऱ्यात साधे बोल्ट गंजतात, मग पकड सुटते आणि २०२० च्या ‘निसर्ग’सारख्या वादळात पॅनेल उडून शेजाऱ्याच्या कौलांवर पडतं.

पण कोटेशनमधले पुळणीकडे तोंड केलेले ते चार सोलर दिवे काढून टाक. वीज उन्हाची असो नाहीतर कोळशाची, कासवाला त्याचं काय? त्याला दिसतो तो उजेड. पाहुणे येणार कासवं बघायला आणि आपल्याच दिव्यांनी कासवं फिरकणार नाहीत, असला धंदा कोण करतो?

ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवाची मादी साधारण नोव्हेंबर ते मार्च रात्री वर येते. किनारा उजळलेला दिसला तर अंडी न घालताच परत फिरू शकते. पिल्लांचं जास्त वाईट होतं. वाळूतून वर आली की ती जिकडे क्षितिज उजळ दिसेल तिकडे धावतात. काळोख्या किनाऱ्यावर समुद्रच उजळ दिसतो. पांढरा एलईडी लागला की ती उलटी सुरूच्या बनात, रस्त्यावर शिरतात. काही कुत्र्यांच्या आणि कुर्ल्यांच्या तोंडी जातात, उरलेली सकाळच्या उन्हात सुकून मरतात.

वाटेवर उजेड हवाच. दिवे गुडघ्याएवढ्या उंचीचे घे, वरून आणि समुद्राच्या बाजूने झाकलेले. एलईडी नारिंगी, अंबर म्हणून मिळतात ते. दुकानदार ‘वॉर्म व्हाइट’ गळ्यात मारेल, पण त्यातही निळा उजेड असतो. मोशन सेन्सर लाव आणि समुद्राकडच्या खिडक्यांना जाड पडदे. बसवून झाले की अमावास्येच्या रात्री भरतीच्या रेषेवर पालथा पड, डोळे वाळूलगत ने आणि घराकडे बघ. दिवा दिसला, किंवा वाळूवर तुझी सावली पडली, तर पिल्लालाही तो दिसणार. उभं राहून बघितलंस तर फसशील.

घरटं दिसलं तर पाहुण्यांना हात लावू देऊ नकोस. वनखात्याला किंवा कासवमित्रांना, म्हणजे घरटी राखणाऱ्या गावकऱ्यांना, कळव. अंडी घातल्यावर काही तासांतच गर्भ कवचाला आतून वरच्या बाजूने चिकटतो. त्यानंतर अंडं उलटलं की तो मरतो. म्हणून हॅचरीत, म्हणजे अंडी राखायच्या कुंपणात, नेताना वरची बाजू वरच ठेवतात आणि मूळ घरट्याएवढ्या, साधारण दीड फूट खोल खड्ड्यात ठेवतात. पुढे ४५ ते ६० दिवस थांबायचं. पिल्लं सोडताना फ्लॅश बंद. उचलून पाण्यात टाकायची नाहीत, वाळूवरून त्यांना चालू द्यायचं.

इलेक्ट्रिशियन शनिवारी येतोय. त्याआधी सुधारलेलं कोटेशन पाठव. 

तुझी,
आई