‘टॅपेस्ट्री’चा पियानो सरळ करून दिल्याबद्दल

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

पत्र तुम्हाला आहे, पण मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असे लिहिले आहे. अमेरिकन गायिका-पियानोवादक कॅरोल किंगची ‘टॅपेस्ट्री’ ही रेकॉर्ड आपल्या हॉलमध्ये चारचौघांत बसून नीट ऐकायची तर काय काय करावे लागते, ते तुम्ही हाताने करून दाखवलेत. ज्यांच्याकडे जुना प्लेअर आणि पियानोची एखादी रेकॉर्ड धूळ खात पडली आहे, त्या सगळ्यांच्या ते कामाचे आहे. नाव छापायला तुम्ही मनाई केलीत, म्हणून नुसते काका.

पहिले आभार रेकॉर्ड दिल्याबद्दल. स्वतःची एलपी दुसऱ्याच्या प्लेअरवर चढू देणारी माणसे कमीच. त्याहून मोठे आभार ‘आधी प्लेअर बघू, मग रेकॉर्ड लावू’ हा हट्ट धरल्याबद्दल. तुमचे म्हणणे एवढेच होते की पियानो प्लेअरची चूक झाकत नाही. गायकाच्या आवाजात कंप असतो, सारंगीत मींड असते, त्यात वेगाची थोडी डुगडुग खपून जाते. पियानोची पट्टी दाबली की स्वर जिथल्या तिथे उभा राहतो आणि विरत जातो. विरताना तो केसभर जरी हलला, तरी अख्खे वाद्य पाण्याखाली ठेवल्यासारखे वाटते.

त्यात ही रेकॉर्ड म्हणजे पियानोच पियानो. किंग आधी दुसऱ्यांसाठी गाणी लिहायची आणि ती ऐकवायला स्वतः पियानोवर बसून डेमो करायची. निर्माता लू ॲडलरला तोच जवळून येणारा आवाज अल्बममध्ये हवा होता. जानेवारी १९७१ मध्ये हॉलिवूडच्या ए अँड एम स्टुडिओत ध्वनिमुद्रण झाले, हँक सिकालो ध्वनिमुद्रक होते आणि १० फेब्रुवारीला, म्हणजे किंगच्या एकोणतिसाव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी, रेकॉर्ड बाजारात आली. चार्ल्स लार्कीचा बास, डॅनी कॉर्चमारची गिटार, रस कंकल आणि जोएल ओब्रायनचे ड्रम आहेत, पण सगळे पियानोला वाट देऊन वाजवतात. म्हणजे प्लेअर बिघडलेला असेल तर ऐकणाऱ्याला लपायला जागा नाही.

सुरुवात तुम्ही वेगापासून केलीत. अमेरिकेतल्या नातेवाइकाने सामानातून आणलेले प्लेअर आपल्याकडे बऱ्याच घरांत आहेत. ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावला की झाले, असा समज असतो. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, फ्रिक्वेन्सी बदलत नाही. जुन्या प्लेअरची सिंक्रोनस, म्हणजे विजेच्या फ्रिक्वेन्सीच्या तालावर फिरणारी, मोटर तिकडच्या ६० हर्ट्झवर बेतलेली असते; आपल्या ५० हर्ट्झवर ती सहाव्या हिश्शाने मंद फिरते. ३३⅓ फेऱ्यांऐवजी मिनिटाला साधारण २७.८ होतात. ‘इट्स टू लेट’ हे पेटीच्या पांढरी सहाच्या मायनरमधले गाणे मग काळी तीनच्याही किंचित खाली जाते आणि किंगचा आवाज एखाद्या पुरुषासारखा लागतो. उपाय एकच: मोटरवरची पुली बदलून ५० हर्ट्झची, म्हणजे थोडी मोठ्या व्यासाची, बसवायची. डीसी मोटरच्या प्लेअरला ही कटकट नाही. तिथे वेगाचा छोटा स्क्रू असतो.

वेग तपासायला तुम्ही कागदी स्ट्रोब डिस्क (प्लेअरवर फिरवून दिव्याखाली बघायची रेघांची चकती) दिलीत आणि तिच्यावरच्या दोन वर्तुळांतले कुठले बघायचे ते पेनाने खूण करून ठेवलेत. आपल्याकडे १८० रेघांचे वर्तुळ. २१६ रेघांचे ६० हर्ट्झवाल्यांचे. रेघा स्थिर दिसल्या की वेग बरोबर, फिरण्याच्या दिशेने सरकल्या तर जास्त, उलट सरकल्या तर कमी. चांगल्या एलईडी दिव्याखाली रेघा दिसतच नाहीत, कारण तो दिवा विजेच्या लयीत लुकलुकत नाही. जुना पिवळा बल्ब किंवा निऑनचा इंडिकेटर लागतो. ही गोष्ट कुठल्याच माहितीपत्रकात ठळक लिहिलेली नसते आणि माणसे चांगला प्लेअर बिघडला समजून दुकानात नेतात.

मग डुगडुग. ती कुठून येते हे ओळखायची तुमची रीत फार आवडली. ‘सो फार अवे’ लावायचे, पियानोचे लांब स्वर ऐकायचे आणि घड्याळाकडे बघायचे. स्वर दर १.८ सेकंदांनी, म्हणजे रेकॉर्डच्या दर फेरीला, एकदा वर-खाली होत असेल तर दोष रेकॉर्डचा: मधले भोक केंद्रात पडलेले नाही. त्याहून जलद किंवा वेडीवाकडी थरथर असेल तर बेल्ट सैल झाला आहे, कडक झाला आहे किंवा पुलीवर तेलकट थर आहे. बेल्ट आणि पुली स्पिरिटने पुसून निम्मे रोग जातात; बेल्टला तडे दिसले तर नवाच घालायचा.

भोक अर्धा मिलीमीटर सरकलेले असले तर काय होते, याचा हिशेब तुम्ही पाकिटाच्या मागे मांडलात. बाहेरच्या खाचेत, केंद्रापासून १४६ मिलीमीटरवर, स्वर जेमतेम सहा सेंट हलतो. आत, ६० मिलीमीटरवर, चौदा सेंट. शंभर सेंटचा अर्धस्वर, म्हणजे त्याचा सातवा भाग. म्हणून पहिले गाणे ठीक आणि शेवटचे बेसूर, असा प्रकार होतो. टोनआर्म, म्हणजे पिनेचा दांडा, दर फेरीला डावी-उजवीकडे डुलताना डोळ्यांनी दिसतो. भोक गोल कानशीने किंचित मोठे करून रेकॉर्ड हवी तशी सरकवता येते, पण ते स्वतःच्या रेकॉर्डवर. उसन्या रेकॉर्डला कानस लावणाऱ्याला पुन्हा कोणी काही देऊ नये.

आतल्या खाचांचा दुसराही त्रास आहे आणि ‘टॅपेस्ट्री’ त्यात नेमकी सापडते. बाहेर पिनखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच जाते, आत केवळ २१. तेवढेच संगीत निम्म्याहून कमी जागेत. आणि दुसऱ्या बाजूचे शेवटचे गाणे ‘नॅचरल वुमन’: किंगचा गळा, तिचा पियानो आणि लार्कीचा बास. अल्बममधले सगळ्यात उघडे गाणे सगळ्यात अवघड जागी. ती बाजू साडेतेवीस मिनिटांची, पहिली एकवीसची, म्हणजे खाचा तिथेच जास्त दाटलेल्या. कार्ट्रिज, म्हणजे पिन धरणारा भाग, जरा तिरके बसले असेल तर जोरात वाजवलेल्या स्वरांना काच खरवडल्याची कड येते आणि लोक म्हणतात रेकॉर्ड झिजली.

तुम्ही कागदी प्रोट्रॅक्टर (कोन जुळवायचा छापील कागद) ठेवून दोन ठिकाणी कार्ट्रिज सरळ केलेत, केंद्रापासून ६६ आणि १२०.९ मिलीमीटरवर. त्याआधी त्या कागदावरच पट्टी ठेवून बघितलेत. प्रिंटर ‘पानात बसवा’ या खुणेवर असला की चित्र तीन-चार टक्के लहान छापले जाते आणि मग सगळी मेहनत चुकीच्या जागी. शंभर टक्के आकारात छापायचे, छापल्यावर मोजायचे, मग स्क्रूला हात लावायचा.

पिनेचा भार तुम्ही दोन ग्रॅम ठेवलात, वजनकाट्यावर मोजून. त्या कार्ट्रिजची मर्यादा तेवढी होती; दुसऱ्याची वेगळी असेल, कागद बघावा. हलकी पिन म्हणजे रेकॉर्डला कमी त्रास, हा गोड गैरसमज तुम्ही मोडलात ते बरे झाले. भार कमी पडला की ‘आय फील द अर्थ मूव्ह’मधल्या डाव्या हाताच्या ठोक्यावर पिन खाचेतून उडते आणि परत पडताना भिंत ओरबाडते. मर्यादेच्या वरच्या अंगाला राहिलेले बरे. काट्याचे तबक रेकॉर्डच्या उंचीवर असले पाहिजे, नाहीतर आकडा फसवतो.

धुण्याबद्दल थोडक्यात, कारण तेवढे तरी लोकांना माहीत असते असे धरू. ४०० मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटर, १०० मिलिलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोल, भांडी घासायच्या बिनरंगी द्रवाचे दोन थेंब. मऊ ब्रश खाचेच्या दिशेने, लेबल कोरडे. मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने दुसरी धुणी, कारण साबण राहिला तर तोच पुढे पिनेला चिकटतो. पावसाळ्यात कव्हरात शिरलेली बुरशी अशी निघते. कव्हराच्या आतला जुना कागद मात्र फेकून द्यायचा, बुरशीचे घर तेच असते. आणि आजोबांच्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डला हे मिश्रण चुकूनही लावायचे नाही. ती लाखेची असते, अल्कोहोलात लाख विरघळते.

ॲम्प्लिफायरशी जोडताना पियानो जाड आणि फाटका आला तेव्हा तुम्ही प्लेअरच्या मागे हात घालून बटण ‘लाइन’वरून ‘फोनो’वर केलेत. प्लेअरच्या पोटात एक प्रीॲम्प (पिनेचा बारीक आवाज वाढवणारा भाग) आणि ॲम्प्लिफायरच्या फोनो खोबणीत दुसरा, असे दोन एकापाठोपाठ आले की खर्ज दुप्पट चढतो आणि आवाज फुटतो. उलट, एकही नसला आणि वायर ऑक्सच्या साध्या खोबणीत घातली तर आवाज बारीक, नुसता टिणटिणाट. हूं असा घुमारा येत असेल तर काळी किंवा हिरवी अर्थची वायर ॲम्प्लिफायरच्या मागच्या स्क्रूला लागली आहे का ते बघायचे.

हॉलचे तर बोलायलाच नको. टाइल्स, उघड्या भिंती, वर पत्रा. सतरंज्या अंथरल्या, मागच्या भिंतीवर जाजम टांगले. स्पीकर एकमेकांपासून दोन मीटर, भिंतीपासून हातभर पुढे, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला. प्लेअर स्पीकरच्या टेबलावर न ठेवता वेगळ्या स्टुलावर, खाली ओट्याच्या कामातून उरलेला कडप्प्याचा तुकडा. त्या तुकड्याने चालणाऱ्यांच्या पावलांची धडधड पिनेपर्यंत पोचणे थांबले.

आता ऐकवण्याबद्दल. एक बाजू पूर्ण, मग दहा मिनिटे बोलणे, मग दुसरी, हा तुमचा नियम आम्ही तसाच ठेवणार आहोत. मध्येच सुई उचलून ‘हे बघा, हे ऐका’ करणारा रसिक सगळ्यांत वैताग देतो. माहितीसुद्धा तुम्ही मधल्या वेळेसाठी राखलीत: ‘इट्स टू लेट’चे शब्द टोनी स्टर्नचे, त्यातला सोप्रानो सॅक्सोफोन कर्टिस एमीचा, ‘विल यू लव्ह मी टुमॉरो’मागे गाणारे दोघे म्हणजे जेम्स टेलर आणि जोनी मिचेल. कव्हरवरच्या मांजराचे नाव टेलेमॅकस, हे मात्र विचारल्याशिवाय सांगितले नाहीत. विचारतात सगळेच.

जोडून ऐकवायला तुम्ही निवडलेल्या तीन रेकॉर्डी फार नेमक्या होत्या. ‘विल यू लव्ह मी टुमॉरो’ शिरेल्स या गायिकांच्या गटाने १९६० मध्ये नाचायच्या चालीवर गायले होते. तेच गाणे किंग अकरा वर्षांनी संथ करते आणि शब्दांतली धास्ती वर येते. ‘नॅचरल वुमन’ अरीथा फ्रँकलिनने १९६७ मध्ये गाजवले, पूर्ण वाद्यवृंदासह. ‘यूव्ह गॉट अ फ्रेंड’ किंगने काळी चारमध्ये पियानोवर गायले आणि त्याच वर्षी टेलरने पांढरी सहामध्ये गिटारवर गाऊन अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर नेले. पेटीवर दोन्ही पट्ट्या लावून बघितल्या की कळते, हाताला काय सोपे पडते यावर गाण्याची पट्टी कशी ठरते. टेलर गिटारच्या दुसऱ्या घरात कॅपो (तारा दाबून धरणारी चाप) लावून जी पट्टीचे बोटांचे आकार धरतो, झाले काम. आमच्या मते किंगचेच सरस, पण त्यावर हॉलमध्ये एकमत झाले नाही आणि होऊ नये.

ज्यांच्याकडे प्लेअर नाही त्यांनी हिरमुसायचे कारण नाही. २००८ मध्ये निघालेल्या दोन सीडींच्या आवृत्तीत दुसऱ्या सीडीवर याच अल्बममधली गाणी १९७३ आणि १९७६च्या कार्यक्रमांतली आहेत, फक्त पियानो आणि गळा. पियानो शिकणाऱ्यांनी तिथूनच सुरू करावे. डावा हात स्पष्ट ऐकू येतो. फोनवर ऐकत असाल तर शफल बंद, ऑटोप्ले बंद, इक्वलायझर सपाट, ब्लूटूथऐवजी जमल्यास वायर. आवाज एका पातळीवर आणणारी सोयही बंद ठेवलेली बरी.

रेकॉर्ड नव्या प्लास्टिकच्या आतल्या कव्हरात घालून, उभी ठेवली आहे. वजनकाटा तिच्याशेजारी डब्यात आहे, सेल काढून. स्ट्रोब डिस्कची झेरॉक्स मात्र आम्ही ठेवून घेतो, शंभर टक्के आकारात काढलेली. पुढच्या खेपेला ‘रायटर’ ऐकायचा विचार आहे, किंगचा १९७०चा पहिला एकल अल्बम. तो तुमच्याकडे असेल तर घेऊन या. नसेल तरी या, कारण हॉलचा दुसरा ॲम्प्लिफायर डावीकडे बारीक वाजतो आणि दोष वायरचा की आतला यावर वाद चालू आहे.

आपले,
हॉलमधले सगळे श्रोते