पन्नास वजा अठरा

पंचवटी, नाशिक
रविवार, दुपार

चि. मुग्धास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनला रेंज जात-येत होती, त्यामुळे तुझं निम्मंच बोलणं कळलं. पण जेवढं कळलं त्यात ‘आई, ह्या पोरांना काहीच येत नाही गं’ हे तीनदा होतं. म्हणून हे पत्र. शिवाय फोनवर मी बोलायला लागले की तू ‘हो आई, हो आई’ करून मोकळी होतेस. पत्राला तसं करता येत नाही.

दुसरीतली ती मुलगी सत्तावीस म्हटलं की ७२ लिहिते आणि एकोणतीसला ३९, असं तू म्हणालीस. मला विचारशील तर वर्गात तुझं सगळ्यांत नीट तीच ऐकते. सत्तावीस म्हणताना आपण आधी सात म्हणतो, मग वीस. ती ऐकलं तसं लिहिते. एकोणतीसचंही तेच. एकोण आलं की नऊ लिहायचा, हे तिनं हेरलंय आणि पुढे तीस ऐकू येतं. झाले ३९! तिसाला एक कमी, ही भानगड तिला कुणी सांगितली आहे का? इंग्रजीत, कानडीत, तेलुगूत आधी वीस येतो आणि मग सात, तिथल्या मुलांची ह्या फेऱ्यातून सुटका आहे.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस सात’ असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवतंय ना? पुस्तकाच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकरांनी सांगून पाहिलं, की जुने शब्द काढलेले नाहीत, दोन्ही ठेवलेत. ऐकतंय कोण! विधानसभेतसुद्धा थट्टा झाली. आमच्या स्टाफरूममध्येही झाली आणि मीही हसले होते, एवढी वर्षं तीच चूक वह्यांमधून लाल करत आलेली असून. तेव्हा तुला उपदेश करायचा मला फारसा अधिकार नाही, हे आधीच कबूल करते.

तुला एक गोष्ट कधी सांगितली नव्हती, कारण तीत मी चांगली दिसत नाही. तू बालवाडीत होतीस. माझ्याकडे तिसरीचा वर्ग होता. त्यात एक मुलगा होता, संध्याकाळी रामकुंडावर आईबरोबर फुलांचे द्रोण विकायचा. वजाबाकीत रोज फुल्या. ४३ वजा १८ बरोबर ३५. ५० वजा १८ बरोबर ४८. पानंच्या पानं अशी. मी एकदा भर वर्गात त्याची वही वर धरून दाखवली. पोरं हसली. दुसऱ्या दिवसापासून तो यायचा बंद झाला.

चार दिवसांनी तुझ्या आजीला घेऊन मी घाटावर गेले. आजींना दिवे सोडायचे होते. द्रोण विकायला हाच पुढे. मला बघून चपापला, पण गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक! सहा रुपयांचा एक, असे तीन घेतले आणि पन्नासची नोट दिली. त्यानं आधी दोनचं नाणं माझ्या हातावर ठेवलं, ‘हे वीस झाले,’ मग दहाची नोट, ‘हे तीस,’ मग विसाची, ‘हे पन्नास.’ बत्तीस रुपये. मान वर न करता. आणि त्याच पोराच्या वहीत ५० वजा १८ बरोबर ४८ लिहिलेलं आणि त्यावर माझी फुली.

मी तिथेच पायरीवर बसून विचारलं, ‘वहीत कसं करतोस रे?’ तो म्हणाला, ‘बाई, तुम्हीच सांगितलं ना, नेहमी मोठ्यातून लहान वजा करायचा. शून्यातून आठ कसे जातील? मग आठातून शून्य काढला.’

हे मीच सांगितलं होतं, मुग्धा. पहिल्या दिवशी, सोपं जावं म्हणून. पोरानं माझं वाक्य अक्षरशः पाळलं आणि त्याबद्दल मी त्याला वर्गासमोर उभा केला.

तो परत आला, पण लगेच नाही, आणि माझ्याशी मोकळा तर वर्ष संपेपर्यंत झाला नाही. वजाबाकी मात्र आम्ही दोघांनी मिळून त्याच्या सुट्ट्या पैशांनी सगळ्या वर्गाला शिकवली. तेव्हापासून मी फुली मारण्याआधी ‘कसं काढलंस?’ एवढं विचारते. पन्नास पोरांच्या वर्गात दरवेळी जमत नाही, आणि काही मुलांचं कोडं मला शेवटपर्यंत सुटलं नाही, तेही खरं.

मोजमापाचा धडा तर मी पुस्तक मिटूनच घेते. इथल्या कुठल्याही पोराला विचार, गोदावरीला पूर किती? ‘मारुतीच्या कमरेला, बाई,’ ‘छातीला, बाई.’ नदीच्या पात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती ही त्यांची पट्टी. मीटर मग त्यावर चढवायचा. तुझ्याकडे सुरगाण्यात अशी पट्टी कुठली असेल, मला नाही माहीत. नागली मापायचं काहीतरी असेलच. पोरांना विचार, नाहीतर खिचडी शिजवणाऱ्या ताईंना. मुलं बोलत नाहीत म्हणतेस, पण घरी डांगी बोलणारं पोर तुझ्या सदाशिव पेठी मराठीत काय बोलणार? डी.एड.च्या मैत्रिणींकडून उचललेली ती भाषा मलाच कधीकधी कळत नाही! ताईंना शेजारी बसव, त्यांच्याकडून रोज पाच शब्द घे, वहीत लिही.

दिवाळीनंतर निम्मा वर्ग रिकामा होईल, त्याची तयारी आत्ताच ठेव. तिकडची माणसं द्राक्षाच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे उतरतात आणि पोरंही सोबत जातात. नावं कमी करू नकोस. जाण्याआधी शिक्षण हमी कार्ड, म्हणजे दुसऱ्या गावच्या शाळेत बसवून घ्यायचा कागद, हातात दे, आईबापाचा नाहीतर मुकादमाचा नंबर लिहून घे आणि ज्या गावी जातील तिथल्या शाळेत स्वतः फोन कर. कागद दिला म्हणजे पोर शाळेत बसलं असं होत नाही.

‘माहिती तातडीने पाठवा’चे मेसेज मलाही येतात गं, त्यावर काय लिहू. तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून महिना १६,००० रुपयांवर काढायची आणि वर हे सगळं. संताप येणारच. तो पोरांवर निघू देऊ नकोस, बाबांवर काढ, त्यांना सवय आहे.

एसटीने पिशवी पाठवतेय. स्वेटर आहे, चिवडा आहे आणि शंभर मण्यांची माळ आहे, दहा लाल, दहा पांढरे अशी ओवलेली. त्या मुलीला माळेवर सत्तावीस दाखवायला सांग. मग एकोणतीस. काय करते, काय म्हणते, ते मला तिच्याच शब्दांत लिही.

तुझी,
आई