टेंडर किती बिलो गेलं ते छापता, जागा कधी मिळाली तेही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्याकडे रस्त्यांच्या कामावर तीन-चार पत्रं आली, सगळ्यांचा सूर एकच की सगळ्यात कमी दर भरणाऱ्याला काम देतात म्हणून रस्ते उखडतात आणि कामं रखडतात, ही एल-१ (म्हणजे सगळ्यात कमी दरवाला) पद्धत बंद करा. मी बांधकाम खात्यात कनिष्ठ अभियंता म्हणून ३१ वर्षं काढली, आता रिटायर आहे म्हणून जरा मोकळं लिहितो. रोग तिथे नाहीये. म्हणजे आहे, पण थोडाच.

बिलो म्हणजे खात्याच्या एस्टिमेटपेक्षा कमी दराने जाणाऱ्याला आवर घालायचे नियम आहेत हो. आपल्या राज्यात १० टक्क्यांपेक्षा जास्त खाली गेलात की वरच्या फरकाची जादा अनामत भरावी लागते. केंद्राने २९ ऑक्टोबर २०२१ ला सूचना काढून दराबरोबर गुणवत्तेलाही मार्क द्यायची मुभा दिली, फक्त खास ठरवलेल्या कामांना आणि जास्तीत जास्त ३० टक्के वजन. एवढं असूनही कामं रखडतातच ना, मग बघायचं कुठे?

माझ्याच हातातलं एक काम सांगतो, गाव सांगत नाही. ओढ्यावरचा छोटा पूल. टेंडर २२ टक्के बिलो गेलं, तेव्हाच सगळे म्हणाले की हा ठेकेदार काम सोडून पळणार. पण पळाला नाही तो. झालं असं की एस्टिमेट करताना ट्रायल पिट (खाली काय लागतं ते बघायला खोदायचा खड्डा) घेतलाच नव्हता, मार्चएंड जवळ आलेला, निधी परत जाईल म्हणून शेजारच्या पुलाचं एस्टिमेट उचलून दोन मीटरवर खडक धरून टाकला. प्रत्यक्षात खोदलं तर चार मीटरपर्यंत नुसता मुरूम आणि पाणी. खोदाईचं क्वांटिटी दुपटीला गेलं. आता बी-१ ह्या आमच्या खात्याच्या ठरावीक नमुन्याच्या करारात ३८ नंबरचा क्लॉज आहे, क्वांटिटी टेंडरातल्यापेक्षा २५ टक्क्यांहून जास्त वाढलं की वरच्या भागाच्या दराचा प्रश्न उभा राहतो, तो मंजूर करायचा अधिकार आमच्या पातळीवर नाही, मग फाईल वर. ती वर सात महिने बसली. त्यात अप्रोचमध्ये, म्हणजे पुलाला जोडणाऱ्या रस्त्यात, विजेचे दोन खांब, ते हलवायचे पैसे एस्टिमेटमध्ये धरलेच नव्हते. दोन पावसाळे गेले, लोक ओढ्यातून शाळेत पोरं नेत होते आणि पेपरात छापून आलं, ठेकेदाराचा हलगर्जीपणा. वरून आदेश आला की क्लॉज २ खाली दंड लावा. दंड कशाचा लावू, जागा आम्ही दिली नाही, दर आम्ही मंजूर केला नाही! आणि त्याच कराराचा क्लॉज तीन-सी लावून त्याला काढायचं म्हटलं तर नवीन टेंडरमध्ये अजून एक वर्ष. शेवटी मुदतवाढ, ती पण "विना दंड". बाहेरून बघणाऱ्याला वाटणार साहेबांनी खाल्ले.

आता उलटं उदाहरण. महाडला सावित्रीचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री वाहून गेला, दोन एसट्या गेल्या, आठवलं तरी अंगावर काटा येतो. नवीन पूल १६५ दिवसांत बांधला आणि जून २०१७ मध्ये सुरू झाला. १६५ दिवस मागे मोजले तर काम डिसेंबरात धरलं असणार, म्हणजे आधीचे चार-साडेचार महिने प्रत्यक्ष बांधणी नव्हतीच, तरी कोणी ओरडलं नाही. कारण काम धरलं तेव्हा ते थांबवणारं काही शिल्लक नव्हतं, आणि फाईल अडवायची हिंमत कोणात नव्हती, तोही भाग आहे म्हणा.

आणि हा पूल आहे कुठल्या रस्त्यावर? मुंबई-गोवा हायवेवर! त्याच हायवेचा पळस्पे ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा टप्पा, काम सुरू झालं २०११ ला, पुढचं तुम्ही दर गणपतीत छापताच. भूसंपादन अर्धवट, कर्नाळा अभयारण्यातली परवानगी, मग ठेकेदाराकडचे पैसे संपले. जागा हातात नसताना करार करून बसलं की असंच होणार. पुढे केंद्रालाही शहाणपण आलं, बीओटीत (ठेकेदाराने स्वतःच्या पैशाने बांधून टोल घ्यायचा) ८० टक्के आणि ईपीसीत (डिझाईन-बांधणी ठेकेदाराची, पैसे सरकारचे) ९० टक्के जागा ताब्यात असल्याशिवाय ॲपॉइंटेड डेट, म्हणजे कामाची मुदत जिथून मोजतात ती तारीख, द्यायची नाही असं ठरलं. तालुक्याच्या पाच-पन्नास लाखाच्या कामाला हे कोण विचारतो? नारळ फोडायची तारीख आधी ठरते, सातबारा नंतर बघतात.

अजून एक, एल-१ वर चिडणाऱ्यांसाठी. बी-१ मध्ये सगळ्या कामाला मिळून एकच टक्का भरतात, पण बी-२ ह्या दुसऱ्या नमुन्याच्या करारात प्रत्येक आयटमचा दर वेगळा. तिथे मुरलेला ठेकेदार आमचं एस्टिमेट आमच्यापेक्षा नीट वाचतो. कुठलं क्वांटिटी वाढणार ते त्याला साइटवर एक चक्कर मारली की कळतं, त्या आयटमला चढा दर भरायचा आणि जे होणारच नाही त्याला पडेल दर. टेंडर उघडताना हा एल-१, फायनल बिलाला बघाल तर टेंडरात दुसरा आलेला स्वस्त पडला असता. ह्यात त्याने बेकायदेशीर काय केलं? आमचंच क्वांटिटी चुकलेलं. म्हणून म्हणतो, एस्टिमेट करणाऱ्या पोराला गाडी द्या, ट्रायल पिटचे पैसे द्या, आणि महिनाभर वेळ द्या.

बिलं थकण्यावर लिहायला गेलो तर अजून एक पत्र होईल, ते राहू दे.

तुमच्या बातमीदाराला एकच विनंती, पुढच्या वेळी टेंडर किती टक्के बिलो गेलं हे छापाल तेव्हा शेजारी दोन तारखा पण टाका, वर्क ऑर्डरची आणि जागेचा ताबा मिळाल्याची. माहिती अधिकारात मिळतात. आमच्या त्या पुलाच्या दोन तारखांमध्ये चौदा महिन्यांचं अंतर होतं, आणि वर्क ऑर्डर आधीची होती.

आपला,
एक निवृत्त कनिष्ठ अभियंता, सातारा