रिकाम्या रॅकखाली

चि. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परत येऊन दहा दिवस झाले. इकडे पावसाची रिपरिप आहे, बागेत फारसं काम नाही, म्हणून निवांत लिहायला बसलोय. फोनवर सगळं बोलणं झालं असं तू म्हणशील, पण मिल्ड्युराजवळच्या त्या बेदाणे वाळवायच्या रॅकखाली मी गप्प का झालो, ते फोनवर सांगता येईना.

मेलबर्नहून मिल्ड्युरा सरळ गेलं तर साडेपाचशे किलोमीटर. तुझ्या गाडीला एक दिवस पुरला असता. तू माझ्यासाठी पाच दिवस काढलेस आणि नदीच्या कडेकडेने नेलंस. पहिल्या दिवशी मी सारखा विचारत होतो, नदी कुठाय? मग तू दाखवलंस: सपाट, पिवळट माळरानातून रेड गमच्या झाडांची नागमोडी रांग जाते, ती मरे. पाणी दिसत नाही, झाडंच नदीचा पत्ता सांगतात. त्यानंतर मी विचारायचं सोडलं आणि नुसता बघत बसलो.

एचुकाचा बोटी लागायचा धक्का तुझ्या आईला फार आवडला. रेड गमच्याच लाकडाचा, एकावर एक मजले चढवलेला. नदी उन्हाळ्यात खाली जाते, पुरात वर येते, म्हणून बोटीला कुठल्या तरी मजल्यावर लागता आलं पाहिजे. १८६४ साली मेलबर्नहून रेल्वे तिथे आली आणि आतल्या मुलखातली लोकर बोटींतून तिथवर येऊ लागली. १८६६ची ‘ॲडलेड’ बोट अजून पाण्यावर आहे, हे पाहून मला त्या लोकांचं कौतुक वाटलं. जुनी वस्तू चालती ठेवायला पैशापेक्षा माया जास्त लागते.

स्वान हिलला थंडीने माझे कान दुखले, एवढंच आठवतं.

पण मिल्ड्युराजवळच्या साइकी बेंडचा जुना पंप मी जन्मात विसरणार नाही. आपल्या तालुक्यात म्हैसाळ आणि ताकारी उपसा योजनांचं पाणी यायच्या आधी काय दिवस होते, ते तुला आठवत असेल. टँकरच्या पाण्यावर आपण बाग जगवली. नदी खाली, रान वर. तिथेही तेच दुखणं होतं. कॅनडातून आलेल्या जॉर्ज आणि विल्यम चॅफी या भावांनी १८८७ साली त्या माळावर वसाहत मांडली आणि वाफेच्या इंजिनाने मरेचं पाणी उचलून वर चढवलं. उपसा सिंचनच की ते! त्या चाकाला हात लावून मी उभा होतो तेव्हा तू म्हणालीस, अण्णा, चला, ऊन उतरतंय. मला तिथून हलावंसं वाटत नव्हतं.

आणि मग ते रॅक. लोखंडी खांब, तारेच्या जाळीचे मजले, वर पत्रा. हंगाम संपलेला, बाग छाटणीला आलेली, जाळ्या रिकाम्या. त्या शेतकऱ्याने तुझ्यामार्फत सांगितलं की आता बरेच जण काडी कापून घड वेलीवरच वाळवतात आणि यंत्राने काढतात. पण जुन्या रॅककडे बघताना त्याचाही चेहरा बदलला होता. द्राक्ष आपलंच, थॉमसन. तिकडे त्याला सुलताना म्हणतात. पोटॅशियम कार्बोनेट आणि तेलाच्या पाण्यात घड बुडवायचे, म्हणजे सालीवरचा मेणाचा थर सुटतो आणि मणी लवकर वाळतो, ही रीत ऑस्ट्रेलियाकडून आपल्याकडे आली. मी बेदाण्याचं पहिलं शेड उभारलं तेव्हा डिपिंग शिकवणाऱ्याने एवढंच सांगितलं होतं, ‘ही ऑस्ट्रेलियन पद्धत.’ तेव्हा ऑस्ट्रेलिया मला नकाशातही धड सापडला नसता.

त्या शेडमध्ये दुपारच्या झोपेला तू रॅकखाली गोधडी टाकायचीस. वरून एखादा मणी पडला की उचलून खायचीस. तुझ्या कॉलेजची फी त्याच बेदाण्याची. तू तिकडे गेलीस तेव्हा मला वाटलं होतं, पोरगी अगदी परक्या मुलखात गेली. तिथे उभा राहिलो आणि मनातलं ते निघून गेलं. म्हणून मी गप्प होतो, बाळा. दुसरं काही नव्हतं.

वेंटवर्थचा संगमही सांगायचा राहिला. डार्लिंगचं गढूळ पाणी आणि मरेचं हिरवट, काही अंतर शेजारी शेजारी चालतात. तिथले मूळचे बार्किंजी लोक डार्लिंगला ‘बाका’ म्हणतात, हे तू सांगितलंस ते बरं केलंस. नदीचं जुनं नाव माहीत असावं. मला हरिपूर आठवलं, कृष्णा-वारणेचा संगम. पूरही आठवला. १९५६ला वेंटवर्थला पूर आला तेव्हा लहान करड्या फर्ग्युसन ट्रॅक्टरांनी माती ओढून बांध घातले आणि गाव वाचवलं, आणि गावाने त्या ट्रॅक्टरचं स्मारक केलं! २०१९मध्ये सांगलीत पाणी शिरलं तेव्हा आपल्या भागातले किती ट्रॅक्टर माणसं काढायला गेले होते. त्यांचीही अशी आठवण कुणीतरी ठेवायला हवी, मी ग्रामसभेत बोलणार आहे.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिली. तिकडे पाण्याचा हक्क जमिनीपासून वेगळा करून विकता येतो, असं तू सांगितलंस. आणि त्याच डार्लिंगवर मेनिंडीला २०२३मध्ये लाखो मासे मरून तरंगले. या दोन्हींचा संबंध किती, ते तू मला नीट समजावून लिही. तू पाण्याचंच शिकलीस, आणि इकडेही उद्या हे प्रश्न येणार आहेत.

ऋतू उलटे असले तरी बेदाण्याचा हंगाम तिकडे आणि इकडे एकाच वेळी येतो, फेब्रुवारी-मार्चमध्ये. तेव्हा मला शेड सोडता येणार नाही. तुला जमलं तर जावईबापूंना घेऊन पुन्हा जा. त्या शेतकऱ्याने जाळ्या भरल्या असतील तर फोटो पाठव, आणि घड वाळायला किती दिवस लागले ते विचारून कळव. आपल्याकडे पंधरा लागतात.

तुझी आई म्हणते, थंडीचा स्वेटर तिथेच राहिला, तो तू घाल.

तुझे,
अण्णा